दिवा लागला म्हणजे लॅच बसलं?

‘घरी विमानं बांधणाऱ्यांवर लिहा, पण सोपं लिहा,’ असा संपादकांचा आग्रह. सोपं म्हणजे इंजिनाबद्दल, हे मी अनुभवाने ओळखतो. इथल्या मराठी मंडळात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘हवेत इंजिन बंद पडलं तर?’ डोक्यावरची पारदर्शक कॅनॉपी उघडली तर काय, हे कोणी विचारत नाही. म्हणून तेच लिहितो.

अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम हौशी लोकांनी स्वतः केलं असेल, तर विमानाला ‘एक्सपेरिमेंटल’ गटात उडता येतं. ईएए ही हौशी बांधणाऱ्यांची संघटना १९५३ पासून आहे. तिचे स्वयंसेवक गॅरेजात जाऊन काम तपासतात. मी त्यांतला एक. अधिकार शून्य, फक्त सांगायचं. याला ‘जुगाड’ म्हणणाऱ्यांनी एकदा रिव्हेटच्या रांगा येऊन पाहाव्यात.

या उन्हाळ्यात पाहिलेलं एक दोन आसनी विमान मात्र डोक्यातून जात नाही. काम देखणं. कॅनॉपीच्या लॅचचं हँडल पुढे ढकललं, हिरवा दिवा लागला, मालक खूश. मी टॉर्च मारला तर लॅचचा उजवीकडचा आकडा पिनेच्या जेमतेम कडेवर टेकलेला. ‘सकाळी नीट बसत होता,’ मालक म्हणाले. बसत असणारच. कॅनॉपीचं अ‍ॅक्रिलिक उन्हात सांगाड्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावतं. सव्वा मीटर लांबीत तीस अंशांचा फरक पडला, तर दोघांत पावणेदोन मिलिमीटरची तफावत येते. आकड्याची पकडच तेवढी असेल तर संपलं.

जमिनीवर कॅनॉपी स्वतःच्या वजनाने बसून राहते. वेग वाढला की फुगवट्यावरून हवा जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि झाकण वर ओढलं जातं. ताशी १८५ किलोमीटरला समोरच्या हवेचा जोर चौरस मीटरला सुमारे १६५ किलो असतो. वरची ओढ त्याच्या निम्मी धरली तरी ऐंशी किलो होतात. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. म्हणून अर्धवट लागलेलं लॅच बहुधा उड्डाण घेतानाच दगा देतं. वारा, कर्कश आवाज, उडणारे नकाशे! वैमानिकाचा हात झाकणाकडे जातो, वेग उतरतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते. पुष्कळदा विमान उडण्याजोगं असतं. उडवणारा उडवायचं सोडतो.

आता माझा जुना वाद. दिव्याचा स्विच हँडलवर बसवू नका, आकड्यावर बसवा. हँडल कुठे आहे हे हाताला कळतंच, दिव्याने ते पुन्हा कशाला सांगायचं? हा प्रश्न हौशींपुरताच आहे असं समजू नका. १९७४ साली पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सचं डीसी-१० पडलं, ३४६ माणसं गेली. मालाच्या दाराचं हँडल बसलं होतं, कॉकपिटमधला इशारा विझला होता. आतली लॅचेस पूर्ण बसलीच नव्हती. मोठ्या कारखान्यात जे झालं ते गॅरेजात होणार नाही, असं कोण म्हणेल?

दुसरा आग्रह वेगळ्या सेफ्टी कॅचचा. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझीत तो आहे: मुख्य लॅच विसरलं तरी कॅनॉपी थोडी उचलली जाऊन अडकते. त्या विमानाचा पंखा मागे असल्याने सुटलेली वस्तू थेट त्यात जाऊ शकते. ‘चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवतो,’ हे त्या दोन आसनी विमानाच्या मालकांचं उत्तर मला पटलं नाही. घाईत विसरतो तो माणूस. कॅच विसरत नाही.

पण इथे माझीही खात्री डळमळते. विमान उलटं पडलं, पेट्रोल गळायला लागलं, तर हेच दुसरं कुलूप जिवावर बेतेल. झाकण हवेत उघडू नये आणि जमिनीवर क्षणात, बाहेरच्या माणसालाही, उघडता यावं, या दोन मागण्यांचं भांडण कोणत्याच लॅचने पुरतं मिटवलेलं नाही. मी कॅच आतून-बाहेरून एका बोटाने सुटणारा मागतो, शिवाय काच फोडायचं हत्यार हाताशी ठेवायला सांगतो. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

कोणा मित्राच्या अशा विमानात बसायचा योग आला, तर दिव्यावर विसंबू नका. उड्डाणाआधी दोन्ही तळहातांनी कॅनॉपी वर ढकलून पाहा. हलली, तर संकोच न करता ‘थांब’ म्हणा. आणि हवेत उघडलीच, तर मित्राला एवढंच सांगा: झाकण सोड, विमान उडव.