निफाडच्या उन्हातली गोधडी

डिसेंबरच्या अखेरीस कधी नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात जाणे झाले, तर आपण पहाटे लवकर उठावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरी, पाणी धुक्याखाली निजलेले असते. द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर उठत असतो. घडांना गारठ्यापासून जपण्यासाठी शेतकऱ्यांनी रात्र जागून काढलेली असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो.

ऊन अंगणात उतरले, की वाकळी आणि गोधड्या बाहेर येतात. अशाच एका अंगणात मी दोन हिवाळ्यांपूर्वी काही दिवस बसत असे. खाटेवर ऐंशीच्या घरातल्या आजी होत्या. आजोबा गेल्यापासून त्यांचे जेवण कमी झाले होते आणि बोलणे जवळजवळ थांबले होते. सुनेने आणलेले नवे ब्लँकेट घडी न मोडता उशाशी पडून होते. अखेर सुनेने ट्रंक उघडली, आजोबांचे धोतर आणि दोन विटलेली लुगडी काढली व म्हणाली, "आत्याबाई, मला काही गोधडी जमत नाही. तुम्ही सांगा, तसं मी करते."

आजींनी सांगितले. खाली लुगडे अंथरले, मध्ये धोतराचे पदर, वर दुसरे लुगडे. चारी कडा कच्च्या टाक्यांनी धरून मग ओळीने धावदोरा. आजींचा हात थरथरे, टाके वाकडे पडत. सुनेने एकही उसवला नाही. ती फक्त सुई ओवून देई. चौथ्या दिवशी आजी म्हणाल्या, "हे धोतर आखाजीला घेतलं होतं." मग त्या आखाजीची सारी हकीकत त्यांनी सांगितली.

जुने सुती कापड मऊ असते आणि त्याच्या थरांत अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. उतारवयात थंडीची जाणीव मंदावते, म्हणून ही ऊब मोलाची. मात्र गोधडी फार जड नसावी. अशक्त माणसाला रात्री कूस बदलता आली पाहिजे आणि उठताना ती पायांत येऊ नये.

आपल्या घरी हे काम काढाल तेव्हा मोठ्या नेढ्याची सुई आणि कापडाहून वेगळ्या रंगाचा दोरा घ्या. बोटात अंगुस्तान हवे. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू असतील, तर ते विसरू नये. एका बैठकीला अर्धा तास पुरे. काम आवरताना सुया मोजून डबीत ठेवाव्यात. ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे, त्यांच्या हाती सुई न देता कापडांच्या घड्या आणि रंगांची निवड सोपवावी. तेही कामच आहे.

आणि टाके वाकडे पडले, तर पडू द्यावेत. निफाडच्या त्या घरात गोधडी पुरी व्हायला संक्रांत उजाडली. आजींनी ती पांघरली. नव्या ब्लँकेटची घडी मग सुनेने मोडली.