कवीच्या नावाचा रकाना

ॲपलचा आयपॉड टच हा खिशात मावणारा म्युझिक प्लेअर सप्टेंबर २००७ मध्ये आला. त्याच्या आठ जीबीत साधारण पावणेदोन हजार गाणी मावत. आज मोबाइलवरच्या एकेका ॲपमध्ये कोट्यवधी गाणी आहेत, मनात आलं की लागतात, आणि त्याचा आनंदच आहे. तरी मराठी भावगीतं ऐकण्याचं खरं सुख मला त्या साडेतीन इंची पडद्यानं दिलं, कारण त्यातलं सगळं आपल्या हातानं लावलेलं असे.

लावायचं म्हणजे बसून लावायचं. मराठी गाण्यांची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की आयट्यून्स या ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा नुसतं ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ उमटे. इंग्रजी गाण्यांची नावं इंटरनेटवरून आपसूक येत, आपली टाइप करावी लागत. माहितीच्या चौकटीत गायक, अल्बम, संगीतकार असे रकाने होते; कवीला मात्र जागाच नव्हती. भावगीतात कवीला वगळून कसं चालेल? ‘शुक्रतारा’ अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचं, तितकंच ते संगीतकार खळ्यांचं आणि कवी पाडगावकरांचंही. ‘ग्रुपिंग’ नावाचा एक रकाना सहसा रिकामाच पडून असे. तो मी कवीला दिला.

तो भरला आणि अटींनुसार आपोआप बनणाऱ्या स्मार्ट प्लेलिस्टला अर्थ आला. ग्रुपिंगमध्ये शांता शेळके, गेल्या तीन महिन्यांत न वाजलेली, सगळी मिळून पाचशे एमबीपर्यंत, एवढ्या अटी घातल्या की काम झालं. टच केबलनं जोडला की ऐकून झालेली गाणी यादीतून बाहेर पडत आणि विसरलेली आत येत. टचवर ‘मोअर’मध्ये जाऊन ‘एडिट’ केलं की ‘कंपोझर्स’चं चिन्ह ओढून खालच्या पट्टीत आणता येई. मग सुधीर फडके, श्रीनिवास खळे, हृदयनाथ मंगेशकर, सगळे एका टिचकीवर. गाण्याचे शब्द आधी चिकटवून ठेवले असतील, तर वाजत्या गाण्याच्या चित्राला बोट लावलं की तेही समोर येत.

खरी कसोटी गीतरामायणाची. छप्पन्न गाणी, कित्येक सीडींत विभागलेली. अल्बमचं नाव एकच दिलं आणि सीडीचा क्रमांक भरला नाही, तर प्रत्येक सीडीतलं पहिलं गाणं एकापाठोपाठ वाजे, मग प्रत्येकातलं दुसरं. अयोध्येतून थेट लंकेत आणि पुन्हा मागे. १९५५ सालापासून पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एकेक गाणं देत कवी गदिमा आणि संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, यांनी जी कथा उलगडली, तिचा क्रम मोडणं मला सहन होत नसे. ‘डिस्क नंबर’चा तो बारीकसा रकाना भरला की राम आपल्या वाटेनं चालू लागे.

आता ॲपमध्ये गायकाचं नाव ठळक दिसतं, संगीतकाराचं कधी दिसतं कधी नाही. कवीचं नाव असलंच तर कुठेतरी आत असतं, आणि एका कवीची सगळी गाणी एकत्र लावायची धड सोय मला कुठे सापडलेली नाही. ‘सदाबहार’ नावाच्या संकलनांतून तेच गाणं पुन:पुन्हा भेटतं. शोधायची गरज उरली नाही. पण पाडगावकरांचं आणखी काय ऐकायचं राहिलंय, हेही कळेनासं झालंय.

ॲपलनं मे २०२२ मध्ये टच बंद केला. जुना घरात असेल आणि बॅटरी फुगलेली नसेल, तर तो अजून चालवावा. नवी ॲप बहुधा चढणार नाहीत, पण गाणी ऐकायला इंटरनेट लागत नाही. विंडोजवर आयट्यून्समधून आणि नव्या मॅकवर फाइंडरमधून केबलनं गाणी भरता येतात. तो बंद पडला तरी केलेली मेहनत वाया जात नाही. कवी, संगीतकार, सीडीचा क्रमांक हे सगळं त्या त्या गाण्याच्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं. फाइल दुसरीकडे नेली की तेही सोबत जातं. कुठलं गाणं कितीदा ऐकलं, शेवटचं कधी ऐकलं, हा हिशेब मात्र आयट्यून्सच्या लायब्ररीत राहतो. कॉम्प्युटर बदलताना तीही आठवणीनं उचलून ठेवावी.