ज्वारी-बाजरीच्या माहेरी

पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात बुर्किना फासो हा देश शोधावा. समुद्राचा स्पर्श नसलेल्या या देशाची राजधानी वागाडुगू. तिच्या पश्चिमेकडील नानोरो परिसरात बुलपॉन नावाचे एक खेडे आहे. पाऊस वर्षाकाठी मोजकेच महिने, बाकी सारा काळ कोरडा. पर्यटकाने वाट वाकडी करून जावे असे तेथे काही नाही. मात्र तेथील स्वयंपाक आपणांस परका वाटणार नाही. ज्वारी आणि बाजरी दगडावर दळायची, त्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायचा आणि पालेभाजीच्या कालवणात बुडवून खायचा. या पदार्थाला ‘टो’ म्हणतात. जोडीला चवळी. ही तिन्ही पिके मूळची आफ्रिकेचीच. सोलापूरच्या भाकरीचे हे दूरचे माहेर म्हणावे.

या खेड्यातील 14 आणि इटलीतील फ्लॉरेन्सच्या 15 निरोगी बालकांची तुलना इटालियन संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केली. तपासली होती विष्ठा. दोन ते सहा वर्षांची बुलपॉनची मुले दिवसाला सरासरी 14.2 ग्रॅम चोथा खात होती, फ्लॉरेन्सची 8.4 ग्रॅम, उष्मांक मात्र फ्लॉरेन्सच्या ताटात दीडपट. आणि खेड्यातील मुलांच्या पोटात लघुशृंखला मेदाम्ले कितीतरी अधिक आढळली.

नाव अवघड, गोष्ट सोपी आहे. धान्याचा कोंडा, डाळींची टरफले, भाज्यांचे तंतू यांतील बराच भाग आपण स्वतः पचवू शकत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट तयार होतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न. त्या पेशींची सुमारे 70 टक्के ऊर्जा त्यातून येते. प्रोपिओनेट बहुतांशी यकृतात खर्च होते, ॲसिटेट रक्तावाटे सर्व शरीरात फिरते. शिवाय या आम्लांमुळे आतड्यातील आम्लता वाढते आणि उपद्रवी जंतूंना तेथे मुक्काम करणे कठीण जाते. बुलपॉनच्या मुलांत शिगेला वर्गातील जिवाणू कमी सापडले, हे या दृष्टीने लक्षणीय आहे.

अवघ्या 29 मुलांवरून जगाचा आहार ठरवू नये, आणि बुलपॉनला स्वर्गही समजू नये. हिवतापाने बालके दगावणारा तो देश आहे. पण पुढे याच संशोधकांनी वागाडुगू शहरातील मुलांनाही अभ्यासात घेतले. देश तोच, तरी पाश्चात्त्य वळणाचे अन्न खाणाऱ्या या शहरी मुलांच्या पोटातील जिवाणूंची वस्ती खेड्यापासून दुरावून इटलीच्या मुलांजवळ सरकली होती. पोटातील ही वस्ती बदलायला पिढ्या लागत नाहीत. ताट बदलले की पुरे.

आपल्या घरांतून ज्वारीची भाकरी हटून मैद्याचा पाव आला, त्याचा हिशेब असाच पोटात होत असणार. ती परत आणताना मात्र घाई नको. चोथा एकदम वाढवल्यास पोट फुगते. आठवड्यातून दोन जेवणांपासून आरंभ करावा, पाणी भरपूर प्यावे. आतड्याचा जुना विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि सकाळची उरलेली भाकरी टाकू नका: थंड झालेल्या भाकरीतील काही पिष्ट पचनाला दाद देत नाही, ते थेट या जिवाणूंच्या वाट्याला जाते. ताकात कुस्करून घ्यावी.