जुना संगणक देताना

नवे घर उभे राहिले की जुन्या घराची कौले गोठ्यावर चढत आणि वासे शेजाऱ्याच्या पडवीला लागत. आपल्या वाडवडिलांना त्यात कधी अडचण पडली नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र देणे तितके सरळ नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या प्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. 'विंडोज ११' ही पुढची प्रणाली जुन्या यंत्रांवर सहसा बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो. आमच्या कचेरीत नवी यंत्रे आली आणि जुनी चार कोपऱ्यात जाऊन बसली. भंगारवाल्याने त्यांचा भाव केला. एका हिशेबी गृहस्थांनी सुचविले, "फादर, आतले परवाने वेगळे विका, चार पैसे येतील." आणि वाडीवरील एक माता म्हणाली, "फादर, मुलगी कॉलेजात आहे. एखादा मिळाला तर तिचा अभ्यास घरी होईल."

प्रथम परवान्यांचा विचार केला. यंत्राबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो. यंत्र दिले तर तोही जातो, सुटा विकता येत नाही. स्वतंत्र विकत घेतलेला परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, परंतु आधीच्या यंत्रावरून तो काढावा लागतो. वर्गणी भरून घेतलेला तर भाड्याच्या घरासारखा. तो विकण्याचा अधिकार भाडेकऱ्यास कोठला? युरोपीय न्यायालयाने २०१२ साली निर्णय दिला, की कायमचा विकत घेतलेला परवाना ग्राहकाला पुन्हा विकता येईल; मात्र त्याने स्वतःची प्रत निरुपयोगी केली पाहिजे. तो निर्णय आपल्या देशाचा कायदा नव्हे, तथापि त्यातील न्याय कोणासही पटेल. विकलेली गाय विकणाऱ्याच्या गोठ्यात दूध देत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट आतल्या नोंदींची. आमच्या यंत्रांत कुटुंबांच्या याद्या होत्या, आधार क्रमांक होते, फी-सवलतीचे अर्ज होते. कोणाच्या घरी चूल कशी पेटते, हे त्या अर्जांत लिहिलेले होते. लोकांनी ते विश्वासाने सांगितले. ते भंगाराच्या भावात विकण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. फाइल 'डिलीट' केली म्हणजे मजकूर गेला, असे पुष्कळांस वाटते. वास्तविक बहुधा अनुक्रमणिकेतील ओळ तेवढी खोडली जाते. पान तसेच राहते आणि जाणत्यास ते वाचता येते. म्हणून जाणकार तरुणास बसवून आवश्यक नोंदी नव्या यंत्रांवर उतरविल्या, आणि जुन्या डिस्कवर आरंभापासून अखेरपर्यंत नवे लिहून जुने झाकून टाकले.

पुढे तीन यंत्रांवर 'लिनक्स मिंट' ही प्रणाली बसविली. ती विनामूल्य आहे. तिची प्रत करून दुसऱ्यास देण्यास मोकळीक आहे आणि साध्या यंत्रावरही ती बरी चालते. पत्रलेखन व हिशेब यांसाठी 'लिब्रेऑफिस' त्यात मिळते. एक यंत्र त्या मुलीकडे गेले, दोन गावच्या अभ्यासिकेत. चौथे अगदीच निकामी होते. अशा यंत्रांत शिशासारखे विषारी पदार्थ असतात. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांस अनुसरून, त्याची डिस्क फोडून, ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठविले. भंगारवाल्याने देऊ केलेले पैसे गेले खरे. त्याची खंत वाटत नाही.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर एखादा संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला असेल. द्यायचा असेल तर आपल्या नोंदी पुरत्या पुसा, परवाना कोणता ते पाहा, चालू करून पाहा आणि मग द्या. मात्र फार दिवस थांबू नका. जे यंत्र यंदा एखाद्या मुलाच्या अभ्यासास पुरेल, ते आणखी पाच वर्षांनी कोणाच्याच कामास येणार नाही.