पुणेकर दगड

आपल्याकडे गावाच्या नावापुढे ‘कर’ लावला की आडनाव तयार होते. मग माणूस गाव सोडून तीन पिढ्या मुंबईच्या चाळीत राहिला, त्याने ते गाव डोळ्यांनी पाहिलेही नसले, तरी गाव काही त्याला सोडीत नाही. दगडांच्या दुनियेतही ही रीत आहे. जपानात युगावारा येथील गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी जे खनिज सापडले, त्याचे १९५२ साली ‘युगावारालाइट’ असे बारसे झाले. कॅनडातल्या मॉर्डेन गावचा दगड १८६४ साली ‘मॉर्डेनाइट’ झाला. म्हणजे हे झाले युगावारकर आणि मॉर्डेनकर! आणि गंमत अशी की, त्यांच्याही आधी या घराण्यात एक अस्सल पुणेकर होऊन गेला. इंग्लंडमधील खनिजशास्त्रज्ञ हेन्री जेम्स ब्रुक याने १८३१ साली आमच्या भागातून गेलेल्या पांढऱ्या, सुयांसारख्या स्फटिकांना ‘पूनालाइट’ हे नाव दिले होते.

आज खनिजांच्या यादीत हे नाव शोधायला जाल तर मिळणार नाही. पुणेकराचे नाव यादीतून खोडले जावे आणि त्यावर पुण्यात एक सभादेखील होऊ नये, याचे मला नवल वाटत असे. ते नाव का गेले आणि ते जाण्याने आपले काय गेले, हे मला नीट उमगले ते मात्र रांजणगावात, एका कोरड्या विहिरीच्या काठावर.

रांजणगाव म्हटले की कुणालाही अष्टविनायकांपैकी महागणपती आठवतो. नगर रस्त्याने पुण्याहून कोस-दीड कोस नव्हे, चांगले पन्नास किलोमीटर जावे लागते. अलीकडे तिथे मोठी औद्योगिक वसाहत झाली आहे आणि धुलाई यंत्रांपासून मोटारींच्या भागांपर्यंत काय वाटेल ते तिथे तयार होते. पण वसाहतीचे कुंपण संपले की पुन्हा तोच शिरूर तालुक्याचा पावसाकडे डोळे लावून बसलेला माळ सुरू होतो. त्या माळावर माझ्या मावसभावाची थोडी शेती आहे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी एका उन्हाळ्यात विहीर काढायला घेतली. वहिनींच्या पाटल्या मोडून पैसा उभा केला होता, म्हणून घरात कुणी त्या विहिरीविषयी मोठ्याने बोलत नसे. चाळीस फूट झाले तरी पाण्याचा थेंब नव्हता. मी गेलो तेव्हा सुरुंगाने उडवलेला दगड काठावर रचून ठेवला होता. त्यातली एक कपारी उन्हात चमकली. मी ती उचलून पाहिली. काळ्या दगडाच्या पोटात लिंबाएवढी पोकळी होती आणि तिच्यात एका बिंदूतून फुटलेल्या पांढऱ्याशुभ्र सुयांचा झुबका होता.

“गारगोटी आहे ती,” अण्णा म्हणाले. “मांजऱ्या लागला की निघतातच.”

मांजऱ्या म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, पोकळ्या भरलेला खडक. विहिरी खोदणाऱ्यांचे आपले एक वर्गीकरण असते. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण. पुस्तकात ते सापडत नाही, पण त्यामागे एकच खणखणीत प्रश्न असतो : यातून पाणी मिळेल की नाही? बाकी दगड दिसायला कसाही असो!

आता या झुबक्याची कुळकथा सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या भूमीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. तो रस थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि दगडाला पोकळ्या पडल्या. पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिले, त्याने खडकातली द्रव्ये विरघळवून आणली आणि सावकाशपणे पोकळीच्या भिंतींवर स्फटिक घडवले. त्यांतल्या एका मोठ्या कुटुंबाचे नाव झिओलाइट. १७५६ साली स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रॉनस्टेट याने असा एक दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला, तेव्हा तो फसफसून उकळल्यासारखा दिसला. म्हणून त्याने ग्रीक भाषेतून नाव घेतले : ‘उकळणारा दगड’.

अण्णांचा मुलगा शाळेत विज्ञान शिकत होता. त्याच्याकडे परीक्षानळी होती आणि स्पिरिटचा दिवाही होता. आम्ही त्या सुयांचा चिमूटभर चुरा नळीत घातला आणि नळी ज्योतीवर आडवी धरली. थोड्या वेळाने नळीच्या वरच्या थंड भागावर दव जमले आणि दवाचे थेंब झाले. अण्णा कितीतरी वेळ त्या थेंबांकडे बघत होते. मग म्हणाले, “बघ की रे! विहिरीला नाही अन् दगडाला आहे!”

सगळे हसले, पण वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “भावजी, हे पाणी किती असतं?” प्रश्न अगदी हिशेबी होता. अशा सुयांच्या शंभर ग्रॅमांत साधारण दहा ते चौदा ग्रॅम पाणी असते. म्हणजे तहान भागवायला काही उपयोगाचे नाही, पण दगडाच्या मानाने फार झाले.

हे पाणी ओल्या फडक्यातल्या पाण्यासारखे नसते. झिओलाइटची घडण एखाद्या जुन्या वाड्यासारखी असते. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे खांब-तुळया एकमेकांत गुंतवून हा वाडा उभारलेला असतो. आत खोल्या आणि बोळ असतात. त्या खोल्यांत सोडियम, कॅल्शियम असे भाडेकरू राहतात आणि त्यांच्या सोबतीला पाणी असते. तापवले की पाणी बाहेर पडते, वाडा बहुतेक वेळा तसाच उभा राहतो आणि गार झाल्यावर कित्येक झिओलाइट हवेतले पाणी पुन्हा आत घेतात. भाडेकरूही बदलता येतात. एकाला बाहेर काढून दुसऱ्याला आत घेतले तरी वाड्याला धक्का लागत नाही. (पुण्याच्या घरमालकांना हे ऐकून हेवा वाटेल!)

या वाड्यांतच आपल्या पूनालाइटच्या नावाचा निकाल लागला. सुयांच्या आकाराचे तीन भाऊ आहेत. नॅट्रोलाइटच्या खोल्यांत सोडियम राहते. स्कोलेसाइटच्या खोल्यांत कॅल्शियम राहते. मधला मेसोलाइट, त्याच्या नावाचा अर्थच ‘मधला’ असा आहे. त्याच्याकडे सोडियमच्या एका थरानंतर कॅल्शियमचे दोन थर अशी बिऱ्हाडांची ठरलेली ओळ असते. तिघांचा आराखडा एकच, तिघेही पांढरे, तिघेही सुयांचे. डोळ्यांनी पाहून कुणालाही ओळखता येणार नाही. ब्रुकच्या काळी स्फटिकांच्या बाजूंमधले कोन मोजून जात ठरवीत असत, कारण आत डोकावायची सोय नव्हती. पुढे आतला हिशेब तपासला गेला तेव्हा पूनालाइट ही निराळी जात नसून मेसोलाइटच असल्याचे ठरले. मेसोलाइटचे बारसे तर १८१६ सालीच झालेले होते. ज्याचे नाव आधी, त्याचा मान आधी. पुणेकर यादीतून उतरला.

१९९७ साली आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघटनेच्या समितीने साऱ्या झिओलाइटांचे नियम नव्याने बांधून दिले. आधी वाड्याचा आराखडा पाहावयाचा, मग त्यात मुख्य भाडेकरू कोण ते पाहून नावाला शेपूट जोडावयाचे. त्यामुळे आमचा नेहमीचा स्टिलबाइट आता ‘स्टिलबाइट-कॅल्शियम’ किंवा ‘स्टिलबाइट-सोडियम’ म्हणून ओळखला जातो. नुसते रूप पाहून नाते जुळवण्याचे दिवस संपले.

वहिनींची दुसरी तक्रार बोअरच्या पाण्याची होती. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. हा पाण्यातल्या कॅल्शियमचा प्रताप. मी त्यांना सांगितले, की कपडे धुण्याच्या कित्येक पावडरींत कारखान्यात बनवलेले झिओलाइट घातलेले असते. ते पाण्यातले कॅल्शियम आत घेते आणि बदल्यात सोडियम बाहेर सोडते. भाडेकरू बदलण्याचाच हा प्रकार. याच कुळातले झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवते आणि प्राणवायू पुढे जाऊ देते. २०२१ सालच्या त्या भयंकर उन्हाळ्यात रुग्णालयांच्या प्राणवायू संयंत्रांसाठी हेच झिओलाइट परदेशातून विमानाने आणावे लागले होते.

“आपल्या रानात एवढं पडलंय आणि विमानानं आणायचं?” अण्णांनी विचारले.

त्यांचा प्रश्न रास्त होता. पण आमच्या सुयांमधले बोळ फार अरुंद असतात, शिवाय एका पोकळीत चार जातींचे स्फटिक गुण्यागोविंदाने नांदत असतात. यंत्राला लागतात मापून घडवलेले, एकाच जातीचे कण. दिसायला तो झुबका कितीही देखणा असला तरी तो कामाचा नव्हे. अण्णांना ते पटले. त्यांच्या विहिरीतला काळा पाषाणही दिसायला देखणाच होता.

मग त्याची किंमत काय? हा प्रश्नही आलाच. मी म्हटले, किंमत गावाची आहे. नगर रस्त्यावरच रांजणगावच्या अलीकडे वाघोली लागते. तिथल्या खाणींत निळ्याजर्द कॅव्हनसाइटचे झुबके सापडले आणि जगभरच्या संग्रहालयांनी ते कौतुकाने मांडून ठेवले. हा झिओलाइट नव्हे, पण झिओलाइटांच्याच शेजारी बसतो. त्याच्या नावात वाघोली नाही. त्यात फक्त कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरे आहेत आणि त्याचे पहिले वर्णनही १९७३ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून झाले. तरीही जाणकार माणूस तो निळा रंग पाहिला की आधी वाघोलीचे नाव घेतो. नावातून गाव गेले तरी चालते. चिठ्ठीवरून जाता कामा नये. कोणत्या गावचा, कोणत्या विहिरीचा, किती खोलीवरचा, हे लिहिलेले नसेल तर देखण्यातला देखणा स्फटिक शोभेची वस्तू होऊन बसतो आणि लिहिलेले असेल तर साधी गारगोटीही अभ्यासाचा पुरावा होते. क्रशरमध्ये दगडाबरोबर रोज भरडले जाते ते हेच.

अण्णांच्या विहिरीला पुढे मांजऱ्या आणि काळा पाषाण यांच्या सांध्याला पाणी लागले. फार नव्हे, दिवसाकाठी दोन तास पंप चालेल एवढे. वहिनींच्या पाटल्या अजून यायच्या आहेत, पण कांद्याचे एक पीक निघाले. माझ्या कपाटातल्या त्या झुबक्याखाली भाच्याच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी आहे : ‘मेसोलाइट किंवा स्कोलेसाइट. रांजणगाव, तालुका शिरूर. विहीर, ४० फूट.’ जात कधीतरी प्रयोगशाळेत ठरेल आणि कदाचित पुढेमागे नियम बदलून पुन्हा नवीही होईल. दुसऱ्या ओळीला मात्र कोणत्याही समितीची मंजुरी लागत नाही.