अप्पांची गाठ

आई गेल्यानंतर अप्पा चेन्नईला दादाकडे राहायला गेले. बेझंट नगरातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. भाषा कळेना, दिवस सरेना. समुद्र मात्र दहा मिनिटांवर. अप्पांचं बालपण रेवदंड्याच्या खाडीकाठी गेलेलं, म्हणून दादानं वाढदिवसाला त्यांना गळाची काठी आणि रीळ आणून दिलं.

मार्चमध्ये मी गेले, तेव्हा काठी कपाटामागे उभी होती. "तीनदा मासा लागला आणि तीनदा गळासकट गेला," वहिनी हळूच म्हणाली. अप्पा एवढंच बोलले, "हात थरथरतात आता. साधी गाठ बसत नाही माझी."

त्यांची ती गाठ मला पाठ आहे. गळाच्या नेढ्यातून दोरा ओवायचा, त्याच दोऱ्याभोवती पाच पिळे द्यायचे, शेंडा नेढ्याजवळच्या पहिल्या फटीत घालून ओढायचा. लहानपणी बुटांच्या लेसवर मी ती गिरवली होती. ती अप्पांना चुकेल, हे मनाला पटेना. रिळाचा दोरा उलगडून पाहिला. टोक तुटून विस्कटलेलं नव्हतं, डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं. म्हणजे दोरा तुटला नव्हता, गाठ घसरली होती!

आणि दोरा अप्पांच्या ओळखीचा नायलॉनचा नव्हताच. वेणीसारखा विणलेला होता.

रविवारी दादा आम्हाला जवळच्या ऊरूर कुप्पमला घेऊन गेला. होडीच्या सावलीत एक वयस्कर कोळी जाळं सांधत बसले होते. दोरा बोटांत फिरवून ते हसले आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. दादानं सांगितलं, "हा निसरडा आहे म्हणतात."

नायलॉनचा दोरा एकसंध असतो. तो थोडा ताणला जातो आणि गाठ आवळली की स्वतःतच रुततो. विणलेल्या दोऱ्यात पॉलिथिलीनचे अगदी बारीक तंतू असतात. तेवढ्याच ताकदीला तो खूपच बारीक लागतो, ताणला जवळजवळ जात नाही, पण गुळगुळीत. "सॅटिनची नाडी!" वहिनी म्हणाली. परकराला सुती नाडी का हवी, हे तिला कोणी शिकवायला नको.

मग कोळीबाबांनी गाठ दाखवली. पुस्तकांत तिला 'पालोमार' म्हणतात. वीतभर दोरा दुमडायचा आणि दुमडलेला भाग नेढ्यातून पार काढायचा. त्या दुहेरी दोऱ्याचीच एक साधी, सैल गाठ मारायची. पुढे उरलेल्या फाशातून अख्खा गळ पार न्यायचा. थुंकी लावायची आणि हळूहळू आवळायचं. थुंकी विसरायची नाही, कारण कोरड्या घर्षणाची उष्णता या दोऱ्याला सोसत नाही. शेंडा अगदी गाठीलगत न कापता थोडा राखायचा. गाठ ओढून बघताना दोरा हाताला गुंडाळू नये, कातडी कापते. मी नको तिथे शहाणपणा केला, बोटावर अजून वण आहे. ओढायला फडका घ्यावा.

पिळे मोजणं नाही, बारीक फटीत शेंडा घालणं नाही. अप्पांना चौथ्या खेपेला जमली. हात थरथरतच होते.

परतताना दादानं 'कट्टुमरम' शब्द फोडून सांगितला. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. ओंडके दोरानं बांधून केलेला तराफा. किनाऱ्यावर परतलं की दोर सोडून ओंडके वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचे. आता बहुतेक फायबरच्या होड्या दिसतात. इंग्रजांनी त्याच शब्दाचं 'कॅटमरान' केलं. "म्हणजे रोज गाठी!" अप्पा म्हणाले आणि घरी पोचेपर्यंत तो शब्द घोळवत राहिले.

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. मासा मिळाला नाही, पण गळ परत आला म्हणे. दुहेरी दोरा ओवायला त्रास होतो, तर येताना मोठ्या नेढ्याचे गळ आण, असा अप्पांचा निरोप होता.