माणदेशातली अकरा पोती



आम्ही कचेरीत रेकॉर्ड शाखेत काम करतो. कुठली फाईल कुठल्या कपाटात, कितव्या कप्प्यात, हे डोळे मिटून सांगण्याची आम्हाला सवय. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या हातून अशी एक चूक झाली की त्यासाठी आम्हाला थेट माणदेश गाठावा लागला. ती चूक आणि तो प्रवास, दोन्ही सांगण्यासारखे वाटतात म्हणून हे लिहिणे.

माण तालुक्यातल्या एका गावात आपल्या समाजाच्या बाया-भगिनी गोधड्या शिवून चार पैसे मिळवतात. त्यांना जुन्या लुगड्यांची, धोतरांची, चादरींची गरज आहे असे कळले. आमच्या मुंबईच्या वस्तीत आम्ही तीन आठवडे दारोदार फिरलो. लोकांनी हात आखडला नाही. अकरा पोती भरली. जे आले ते कोंबत गेलो, सुतळीने तोंडे शिवली आणि डिसेंबरात टेम्पोने पाठवून दिली. घरोघरचा हिशेब डोक्यात होता, पोत्यावर एक अक्षर नव्हते.

या अकरा पोत्यांतल्या एकात आमच्या शेजारच्या आक्कांच्या आईचे लुगडे होते. आक्कांचे वडील गिरणी कामगार. १९८१ च्या दिवाळीचा बोनस झाला तेव्हा त्यांनी ते घेतले होते. निळे, सुती, लाल काठाचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि त्यानंतर त्या घरात बोनसचे लुगडे पुन्हा आले नाही. आईने ते नेसून नेसून झिजवले. पदराजवळ फाटले तेव्हा निळा दोरा मिळाला नाही म्हणून पांढऱ्यानेच रफू केले. आई गेल्यावर आक्कांनी ते ट्रंकेत जपले होते. आता आक्कांच्या लेकीला बाळ व्हायचे होते. त्या म्हणाल्या, "भाऊ, याची एक गोधडी तेवढी शिवून आणा. बाकी कापड तुम्ही कुणालाही द्या, हे मात्र माझं मला परत हवं." आम्ही हो म्हटले. कागदावर नाव लिहिले, कणकेच्या खळीने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या घडीवर चिकटवले आणि घडी पोत्यात टाकली.

जानेवारी आला. आक्का एक दिवसाआड विचारीत. शेवटी गावाकडून निरोप आला, "पोती पोचली, पण सगळा गोंधळ आहे, एकदा येऊन बघा." शुक्रवारी रात्री आम्ही चौघे एस.टी.त बसलो.

पहाटे साताऱ्याला उतरलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. तिथून पंढरपूरच्या रस्त्याची गाडी धरली. कोरेगाव, पुसेगाव मागे पडले तसा हिरवा रंग कमी कमी होत गेला. दहिवडीच्या पुढे तर उघडी माळराने, बोडके डोंगर, मधूनच बाभळ, आणि मेंढरांचे कळप. माणगंगा नदी याच तालुक्यात उगम पावते आणि पुढे भीमेला मिळते, पण आम्ही पाहिली तेव्हा पात्रात वाळू जास्त, पाणी कमी. पावसाच्या छायेतला हा मुलूख. या भागातली किती माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली! गिरणीत विणलेले कापड लुगडे होऊन अंगावर झिजायचे आणि शेवटी गावाकडे वाकळ होऊन यायचे. आम्हीही तोच रस्ता उलटा चालून आलो होतो.

विहाराला लागून असलेल्या खोलीत बाया बसल्या होत्या. जयभीम झाला, चहा झाला. मग एका आजींनी आमच्यापुढे एक पोते उलटे केले आणि म्हणाल्या, "बाबा, तू शिकलेला माणूस. यातलं सुती कुठलं आणि टेरिलीन कुठलं, सांग बरं?"

आम्हाला सांगता येईना.

आजींनी एक दोरा ओढला, चुलीपाशी नेऊन पेटवला. कागदासारखा भुरकन जळला, मऊ राख झाली. दुसरा ओढला, तो आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक मणी तयार झाला. "हे बग. ह्यो आत घातला तर सुई चालत न्हाई, थर सरकत्यात, घाम पीत न्हाई. आन् चुलीजवळ ठिणगी पडली तर अंगाला चिकटतंय." अकरा पोत्यांत निम्म्याच्या आसपास असला माल निघाला होता. त्यातच काही कपडे न धुता दिलेले, काहींना खळ तशीच. खळीला कसर लागते, उंदीर लागतात. आमची खळ लावलेली चिठ्ठी उंदरांनी केव्हाच फस्त केली होती.

म्हणजे आक्कांच्या लुगड्यावरचे नाव गेले. आणि नाव गेले म्हणजे ते इतर कापडासारखेच एक कापड झाले.

दुपारपर्यंत आम्ही सगळी पोती उपसली. निळी लुगडी सात निघाली, ते निघाले नाही. मग एका ताईंनी कापलेल्या तुकड्यांचा ढीग पुढे ओढला. त्यात लाल काठाचा एक पदर होता, आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे रफू. आमचा जीव खाली पडला. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की एका माणसाच्या गोधडीचे चार थर होतात. पदराच्या अंगाचा चौथा तुकडा झिजलेला म्हणून बाजूला पडला होता. बाकीचे तीन एका गोधडीच्या पोटात गेले होते. वर दुसऱ्याच कुणाची हिरवी साडी. कडेपासून आत आत जाणारा धावदोरा निम्म्याहून पुढे पोचला होता.

"उसवा," आमच्यातला एकजण म्हणाला.

ज्या ताईंनी ती शिवली होती त्या काही बोलल्या नाहीत. पण आजी बोलल्या. "आठ दिसाची बसणी हाय तिची. उसवलं तर झिजलेल्या कापडाला भोकं ऱ्हातील. आन् तिची मजुरी कोण देणार? तिनं काय चोरी केली का? नाव न्हवतं म्हणून कापलं."

आम्ही खाली मान घातली. चूक कात्रीची नव्हती. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खू संघातही हाच प्रश्न आला होता. विनयपिटकाच्या महावग्गात चीवरांचे एक प्रकरण आहे. उपासक चीवरे आणून देत, भिक्खू ती घेत आणि तिथेच टाकून जात, ती हरवत. झाडाखाली, ढोलीत ठेवली तर उंदीर आणि वाळवी खाई. तेव्हा भगवान बुद्धांनी चीवरे घेण्यासाठी, सांभाळून ठेवण्यासाठी वेगळे भिक्खू नेमायला सांगितले आणि कोठीघराला परवानगी दिली. कोठी सांभाळणारा कसा असावा? आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, आणि काय ठेवले, काय नाही याची जाण असणारा. ही पाचवी पात्रता आमच्यात नव्हती!

त्या दोन दिवसांत आम्ही बायांच्या हाताखाली कोठी लावली. कापड आधी धुऊन, खळ काढून, कडक उन्हात वाळवले. रंग जातो का हे पाहायला ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिला. पोती जमिनीवर न ठेवता विटांवर फळ्या टाकून त्यावर ठेवली, मधे वाळलेला कडुनिंबाचा पाला घातला. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाकल्या, कारण थोडी ओल राहिली तरी आत कोंडून बुरशी येते.

मग चिठ्ठ्या. आम्ही कागद काढला तशा बाया हसल्या. मांजरपाटाची चार बोटे रुंद पट्टी, तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहायचे आणि पट्टी पोत्याला टाके घालून शिवायची. तशीच दुसरी आत टाकायची. आजींनी जुन्या परटांची आठवण सांगितली. ते बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर खूण करीत, ती धुऊन जात नसे. पण बिब्बा हाताला उततो, फोड येतात, म्हणून आम्ही पेनावरच थांबलो.

तरीही एक अडचण होती. खोलीतल्या निम्म्या बायांना वाचता येत नाही. ज्याला वापरायचे त्यालाच वाचता आले नाही तर ती चिठ्ठी कसली? तेव्हा एका ताईंनीच तोड काढली. पांढऱ्या दोऱ्याची गाठ म्हणजे मऊ सुती, आतल्या थरासाठी. लाल दोरा म्हणजे रंग जाणारे, वेगळे धुवायचे. काळा म्हणजे टेरिलीन, ते पिशव्या आणि पायपुसण्यांना. आणि हिरवा दोरा म्हणजे कुणाची तरी ठेव, विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही. हा हिरवा दोरा आक्कांच्या लुगड्यामुळे आला. आम्ही फक्त एक नोंदवही आखून दिली : क्रमांक, कुणी दिले, कापड कुठले, लांबी किती, धुतले का, कुठे ठेवले, कशाला वापरले.

गोधडीचा निर्णयही बायांनीच केला. ती उसवायची नाही. तीच पुरी करायची, आणि रफूचा तुकडा सगळ्यांत शेवटी, वर मधोमध बसवायचा. मजुरी आम्ही चौघांनी वर्गणी काढून दिली. ताई नको म्हणत होत्या, पण ती आमची भरपाई होती, दान नव्हते.

महिन्याभराने गोधडी आली. आक्कांनी ती उलटीसुलटी पाहिली. हिरवा रंग पाहून त्यांचा चेहरा उतरला. आम्ही सगळे खरे सांगितले, काही लपवले नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, कचेरीतला साहेबाचा कागद तुम्ही असा टाकला असता का?" याला उत्तर नव्हते. मग त्यांचे बोट त्या पांढऱ्या रफूवर गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. "आईचा टाका," एवढेच म्हणाल्या. आज त्यांचा नातू त्याच गोधडीवर झोपतो.

कापड जुने झाले म्हणून संपत नाही. कोसंबीच्या उदेन राजाने एकदा आनंदांना विचारले होते की इतक्या चीवरांचे तुम्ही करणार काय? आनंदांनी सांगितले, ज्यांची झिजली त्यांना देऊ. जुन्यांची अंथरुणे करू, मग गादीच्या खोळी, मग जमिनीवरची बिछायत, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी कुटून मातीत मळून जमीन सारवू. आपल्या आया-आज्यांनी हेच केले.

तेव्हा बंधू-भगिनींनो, वस्तीत कुणी कपडे गोळा करायला आले तर जरूर द्या. पण धुऊन द्या, सुती आणि टेरिलीन वेगळे बांधा. आणि ज्याच्यात आपल्या माणसाची आठवण आहे त्याला हिरव्या दोऱ्याची गाठ मारायला विसरू नका.

जयभीम!